तक्त्यातला पहिला अंक

कॉमिक्स मंडळाचे अध्यक्ष उपेंद्र गोगटे म्हणजे साक्षात ज्ञानसागर! एकमेकींत गुंतलेल्या सात मालिकांचे दोनशे बारा अंक कोणत्या क्रमाने वाचायचे, याचा भिंतभर तक्ताच त्यांनी केला होता. क्रम मोडला की सभासदत्व रद्द.

नव्या सभासद हेमलताताईंनी सदतिसावा अंक उचलला.

गोगटे कडाडले, "मधूनच? काय डोंबल कळणार?"

"चुकलंच माझं," हेमलताताई नम्रपणे म्हणाल्या. "पण तुम्हाला हे वेड लागलं कसं हो?"

गोगटे विरघळले. "शाळेत असताना सलूनमध्ये एकशे चौदावा अंक हाती लागला. शेवटची चार पानं गायब, तरी पार खुळावलो!"

"मग तक्त्यात तोच सगळ्यात वर घाला. आणि चार पानं आठवणीने फाडा, नाहीतर पुढचा अध्यक्ष तयार कसा होणार?"