कपाटातल्या कोथिंबीरवड्या

व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या एका कंपनीत वैजयंती खेळांचे मराठी संवाद लिहीत असे. संचालक निरगुडकर एकदा बैठकीत ठसक्यात म्हणाले, "मराठी कोणी निवडतच नाही. पुढच्या खेळापासून ते काम बंद!"

दुसऱ्या दिवशी वैजयंतीने नेहमीप्रमाणे सर्वांसाठी कोथिंबीरवड्या आणल्या. डबा मात्र मागच्या कपाटात ठेवला.

दुपारी निरगुडकर साहेब कासावीस झाले. "वैजयंती, आज वड्या नाहीत?"

"आहेत ना, सर, मागच्या कपाटात. पण एकही कोणी उचलली नाही. तेव्हा कोणाला त्या नकोच आहेत, असे मी ठरवले."

"अगं, कपाटात आहेत हे कोणाला कळणार?"

"खेळाच्या सेटिंगच्या तळाशी मराठीचा पर्याय आहे, हे तरी कोणाला कळते, सर?"

साहेब मनापासून हसले. डबा टेबलावर आला आणि मराठीचा पर्याय खेळाच्या पहिल्या पडद्यावर.