घाणेरीतली वाट

फार मागे, एका डोंगराच्या आणि नदीच्या मध्ये घाणेरीच्या झुडपांचं दाट रान माजलं होतं. अंगभर काटे असलेल्या एका साळूने ते दातांनी कुरतडून सगळ्या जनावरांसाठी नदीपर्यंत वाट काढली. घाणेरी रोज वाढे, म्हणून साळू रोज कुरतडत राही. त्यात तिला स्वतःसाठी कंद शोधायला वेळ उरेना. ती खंगत चालली.

एके सकाळी ती नदीवर सगळ्यांसमोर उभी राहिली. "वाट सगळ्यांची आहे आणि तशीच राहील," ती म्हणाली. "पण कोणी मला थोडे कंद आणून दिले, तर मला ती राखता येईल."

"खुल्या वाटेचं कसलं मोल द्यायचं?" असं म्हणून सांबर निघून गेलं.

रानडुक्कर पुढे आलं. "मी पोटभर कंद देतो. पण वाट फक्त आमच्या कळपाची."

साळूला फार भूक लागली होती. "मग ती वाट राहणार नाही, तुमचं बीळ होईल," ती म्हणाली आणि उपाशीच कामाला गेली.

चार दिवसांनी तिला उठवेना. तेव्हा सशाने एक लहानसा कंद तिच्यापुढे ठेवला. "मला एवढाच उकरता आला," तो ओशाळून म्हणाला. तो कंद खाऊन साळूने निम्मी वाट मोकळी केली. पुढची तशीच बुजलेली राहिली.

दुपारी तिथे सांबराची शिंगं अडकली. मोठ्या झटापटीने ते सुटलं. समोर नदी दिसत होती, पण पुढे जाता येईना. ते मागे वळलं आणि सशापाशी येऊन थांबलं.

"ते कंद," त्याने विचारलं, "कुठे मिळतात?"