भगव्या चिंधीची गाठ

करंजदरी नावाचं गाव आहे. तीन बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला ओढा. त्या ओढ्याच्या काठी, उंचवट्यावरच्या चिंचेखाली रानबुवा महाराज येऊन बसले आणि बसले ते कायमचेच; शेजारी गावाने मठ बांधला. अंगावर एक भगवी छाटी, समोर धुनी, आणि चेहऱ्यावर दूध नुकतंच तापून वर यावं तसं हसू. कोणी दुःख सांगितलं की महाराज धुनीतला चिमूटभर अंगारा कपाळाला लावत. माणूस हलका होऊन घरी जाई.

पण श्रोतेहो, भोळा भाव कधी कधी वाट चुकतो. करंजदरीच्या लोकांनी तो अंगारा जखमांतही भरायला सुरुवात केली. विळा लागला, भर अंगारा. काटा मोडला, भर अंगारा. जखम बरी झाली तर अंगाऱ्याचा प्रताप, चिघळली तर मठाचे पुजारी अनंतबुवा मान हलवून म्हणत, "भाव कमी पडला तुझा." अंगाऱ्याची वाटी बुवांच्या हाती असे आणि पालखीचा पुढचा दांडा बुवांच्या खांद्यावर. या दोन गोष्टींमुळे त्यांची मान जरा ताठच झाली होती.

ओढ्यापलीकडच्या माळावर ठकूबाई धनगरीण राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, चाळीस मेंढरं हाच संसार. लांडग्याने फाडलेलं, काट्याने ओरबाडलेलं मेंढरू ती हळूहळू बरं करी. मेंढरं बरी होतात हे पाहून माणसंही येऊ लागली. तिचं औषध ते काय? कडुलिंबाचा पाला घालून उकळलेलं आणि कोमट केलेलं पाणी, सातेरी मधमाश्यांचा मध, उकळून कडक उन्हात वाळवलेल्या चिंध्या. जखम धुताना ती आपलीच ओवी गुणगुणायची:

*पहिली माझी ओवी गं, लिंबाच्या पानाला*
*कडू त्याच्या पोटी माया, सांगते जगाला*

जखमेत भरलेला अंगारा मात्र ती आधी धुऊन काढी. हे बुवांच्या कानावर गेलं आणि बुवा भडकले. भर आरतीला सगळ्यांदेखत म्हणाले, "आली का चिंध्यांची वैद्यीण? महाराजांचा प्रसाद गटारात ओतते आणि वर दर्शनाला येते. मेंढरं धुवायचे हात आहेत ते, लांब राहा."

लोक हसले. ठकूबाईने मान खाली घातली आणि लांबूनच हात जोडले. महाराजांनी तिच्याकडे पाहिलं आणि धुनीत लाकूड सारलं.

भाद्रपदात धुनीसाठी ओंडका फोडताना बुवांच्या हातून कुऱ्हाड निसटली आणि डाव्या घोट्यावर बसली. बुवांनी मूठभर अंगारा कोंबला, वर घट्ट फडकं आवळलं आणि पाय बरा होईपर्यंत अन्न न घेण्याचा नेम धरला. सातव्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला, अंगात ताप भरला. मठातल्या त्यांच्या खोलीत शिरवेना असा वास. तालुक्याचा वैद्य आला, नाकाला उपरणं लावून म्हणाला, "चार दिवसांत उतार पडला नाही, तर गुडघ्याखाली पाय ठेवता यायचा नाही."

तेव्हा महाराज स्वतः उठून खोलीत आले. उंबऱ्यावर बसले.

"अनंता, अंगारा कुणाचा?"

"आपलाच, महाराज."

"मग धन्याचं ऐकशील? तो कपाळासाठी आहे रे. कपाळाला धीर लागतो, जखमेला आंघोळ. आणि हा नेम सोड. भिंतीला भगदाड पडलं तर बुजवायला माती लागते ना? पोटात काही गेलंच नाही तर माती आणायची कुठून? दूध घे, वरण-भात घे. ठकूला मी बोलावणं धाडलंय."

बुवांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण नाही म्हणवेना.

ठकूबाई आली ती भीतभीतच. हा पाय गेला तर तिच्यामुळे गेला असंच गाव म्हणणार होतं. मग माळावरचं खोपटं उचलून कुठं जायचं? तिने महाराजांकडे पाहिलं. महाराज म्हणाले, "मेंढराला करतेस तसंच कर." एवढ्यावर तिने पदर खोचला.

तिने हात धुतले, फडकं भिजवून सोडवलं, राखेचा कणन् कण काढला. बुवा विव्हळले तशी ती सवयीने बोलून गेली, "हालू नगं गं माझी बाय, गुमान पड."

"मी मेंढरू आहे का?"

"मेंढरं बरी, बुवा. ती बोलत न्हाईत."

दारातला महाराजांचा चेहरा हसू आवरून लाल झाला होता. ठकूबाईने मध लावला, सैल पट्टी बांधली, वर लोकरीच्या दोऱ्याची गाठ मारली, पाय उशीवर उंच ठेवला. "रोज धुवायला पायजे," ती म्हणाली. "एक दीस चुकला तर पुन्हा पू धरंल."

दोन दिवसांत ताप उतरला. आणि तिसऱ्या दिवशी डोंगरावर आभाळ फाटलं. ओढा दोन्ही काठ सोडून धावू लागला, आणि ठकूबाई पलीकडेच अडकली.

तीन दिवस ती काठावर उभी राहिली. पाणी ओसरेना. हातातली धुतलेली चिंधी पिळत ती पलीकडच्या चिंचेकडे बघून म्हणे, "बाबा, माजी अब्रू जाऊ दे. त्यांचा पाय नगं जाऊ दे."

चौथ्या सकाळी पाणी गुडघ्यावर आलं, तशी ती धावतच मठात गेली. दारातच थबकली. वासाच्या भीतीने तिने श्वास धरला होता. सोडला तर खोलीत नुसता लिंबाचा आणि मधाचा वास. बुवा उशीला टेकून दूध-भात खात होते. सूज उतरलेली.

"ये," बुवा म्हणाले. आवाजात पहिल्यांदाच मऊपणा होता. "आज लवकर आलीस. तीन दिवस कशी बरोबर दुपारी येत होतीस, चिंब भिजून."

"मी? बुवा, मी तर पल्याड हुते. वड्याला पूर."

"थट्टा करतेस होय? काल तर ओवीही पुढची गायलीस." आणि बुवांनी ती म्हणून दाखवली:

*दुसरी माझी ओवी गं, ओढ्याच्या पुराला*
*लेक अडली पल्याड, देव आला कामाला*

म्हणता म्हणता बुवांचा घास हातातच राहिला. आपण काय ऐकलं होतं, ते त्यांना आता कळत होतं.

ठकूबाईने पायावरचं पांघरूण सारलं. गाठ तिचीच होती, लोकरीच्या दोऱ्याची, मेंढीच्या पायाला मारतात तशी. पण चिंधी तिची नव्हती. चिंधी भगवी होती. सोडली तर आत जखम तांबडी, ओलसर, स्वच्छ. कडेने नव्या कातडीची गुलाबी रेघ धरलेली. ती जखमेकडे बघतच राहिली आणि डोळ्यांतलं पाणी तिच्या हसऱ्या ओठांवर उतरलं.

गावकरी शपथेवर सांगत होते, की तीन दिवस महाराज धुनीपासून हलले नाहीत. पुराच्या भीतीने सगळं गाव त्यांच्याभोवतीच भजन करत बसलं होतं. बुवा काठी टेकत धुनीपाशी आले. महाराजांच्या छाटीचा एक काठ फाटलेला होता, तीन चिंध्यांएवढा. आणि बोटं गरम पाण्याने पोळलेली, लालबुंद.

"महाराज," बुवा म्हणाले. ते पायांवर डोकं ठेवायला वाकले, तर महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथं नको, अनंता. मी नुसता बदली गडी. मूळ हात तिचे."

सहा आठवड्यांनी पालखी निघाली. पुढचा दांडा बुवांच्याच खांद्यावर होता. दरसाल ओढ्याशी वळणारी पालखी यंदा पाणी ओलांडून माळावर गेली आणि ठकूबाईच्या खोपटापुढे थांबली. ठकूबाई कोकरू कडेवर घेऊन उभी होती. बुवांनी दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर दिला, अंगाऱ्याची वाटी तिच्या पुढ्यात ठेवली आणि सगळ्या गावादेखत ते तिच्या पायाशी वाकू लागले.

"बुवा, उकिडवं बसू नका," ठकूबाई कळवळून म्हणाली, "घोट्याची कातडी अजून कवळी हाय."

"मग सांग कसं वाकू?"

"उभ्यानंच. कमरंतनं."

आणि मठाचे पुजारी अनंतबुवा, धनगरणीने सांगितलं तसे, कमरेतून वाकले. माळावरची चाळीस मेंढरं एकदम ओरडली, पालखीमागे महाराज पोट धरून हसले, आणि वाटीतला अंगारा बुवांनी आपल्याच कपाळाला लावून घेतला.