सोडायला शिकलेला हंबीर

कुत्री आणि मांजरं अजून एकमेकांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. खाडीकाठच्या एका घरात हंबीर नावाचा टेरियर कुत्रा राहायचा. जबडा असा दणकट, की दोरीच्या खेळात त्याने एकदा धरलं की धरलं. त्याला त्याचा भारी अभिमान. एकदा खेळता खेळता त्याने छोट्या काशीचा परकर पकडला. ती "सोड, सोड" म्हणत रडली, परकर टरकन फाटला, तरी हंबीर शेपूट हलवत ओढतच राहिला.

काशीची आई द्वारका म्हणाली, "उद्याच याला मळ्यावर पाठवते. लेकराच्या घरात असला पैलवान नको."

हिरमुसलेला हंबीर चुलीपाशी मांजरीकडे गेला. "मनीमावशी, माझी ताकद वाईट आहे का गं?"

"ताकद कशाला वाईट असेल? धरता येतं तुला, सोडता येत नाही, वेड्या!" असं म्हणून मनीने जुना पंचा आणला आणि संध्याकाळभर त्याच्याकडून सोडण्याचा सराव करून घेतला. प्रत्येक वेळी हंबीरच्या जिवावर यायचं.

सकाळी काशीने भीतभीत दोरी पुढे केली. हंबीरने ती धरताच द्वारका दारातून ओरडली, "सोड!" त्याने तत्क्षणी सोडली. काशी धपकन मागे पडली आणि टाळ्या पिटू लागली. "आई, मी हंबीरला हरवलं!"

द्वारकेला हसू फुटलं. "राहू दे मग इथंच." इतक्यात तिचं लक्ष चुलीकडे गेलं. "अगं मने, सोड तो बोंबील!"

मनी बोंबलासकट कौलांवर पोचली होती.

"मावशी, सोड म्हणतायत!" हंबीर खालून ओरडला.

शेवटचा घास गिळून मनी म्हणाली, "मी शिकवते, बाळा. शिकलेला तू."