दस्तगीर उस्तादांची ट्रायल

"यातला कुठला बसवू, उस्ताद?"

सम्मेदनं चाकं वळवणारे दोन्ही स्टेअरिंग रॅक टेबलावर मांडले होते. शेजारी रॅक चाकांना जोडणारे नवे टायरॉड, आणि रबराच्या जागी घालायचे धातूचे बुश. सगळं चकचकीत, परदेशातून मागवलेलं.

दस्तगीर उस्ताद चहात खारी बुडवून खात होते. त्यांनी आधी खारी संपवली.

"कशात बसवायचाय?"

"माझ्याच गाडीत."

गाडी गॅरेजच्या दारात उभी होती. लाल, बुटकी स्पोर्ट्स कार. तिच्या डाव्या बाजूचा रंग उजवीपेक्षा नवा होता.

सम्मेद मगदूम याच गॅरेजात काम शिकला. पुढं पुण्यात त्यानं स्वतःचं दुकान टाकलं, आणि मोठ्या घरच्या पोरांच्या वेगवान गाड्या त्याच्याकडं रांगेनं येऊ लागल्या. तेव्हापासून गुरूकडं यायला त्याला सवड नव्हती. दसऱ्याला पेढे यायचे, तेही दुसऱ्याच्या हाती. आज मात्र तो स्वतः आला होता, आणि दाढी वाढलेली होती.

"हा जरा हात हलवला की पुरा वळतो," तो म्हणाला. "बोट हललं की चाक हललं. दुसरा थोडा जड आहे, पण रस्ता हाताला कळतो."

"आन् बुश धातूचे कशाला?"

"रबर दबतं. दबलं की उशीर होतो."

"रस्त्यावरची गाडी हाय बाबा, शर्यतीतली न्हवं. रबर काढलंस तर रस्त्यातला खडा न् खडा मनगटात येनार. भाजी आणायला गेलास तर हात शेकत बसशील."

"चालेल. मला दुखलेलं चालेल."

उस्तादांनी कप खाली ठेवला. पोराचा तो आवाज त्यांना आवडला नाही.

"जुन्याला काय झालंय?"

"प्ले आहे."

स्टेअरिंग फिरवल्यावर चाक हलेपर्यंत जी रिकामी हालचाल होते, तिला गॅरेजवाले प्ले म्हणतात. जुन्या गाडीला तो असतोच. माणसं त्याच्यासकट जन्म काढतात.

"अपघातानंतर तू न्हाई आलास, पर गाडी हितंच आलती," उस्ताद म्हणाले. "मी सोता खोलून बघितलंय. प्ले न्हवता."

"होता."

"न्हवता, सम्मेद."

"असलाच पाहिजे, उस्ताद! ... मी वळवलं. गाडी वळली नाही."

गेल्या थंडीत तो आणि धाकटा भाऊ पारस घाट उतरत होते. उजवीकडं वळायचं वळण होतं. गाडी सरळ गेली आणि डाव्या अंगानं कठड्यावर आदळली. सम्मेदच्या कपाळाला खोक पडली. पारस डाव्या सीटवर होता. तो गेला.

मी वळवलं, गाडी वळली नाही. पोलिसांना त्यानं हेच सांगितलं, भावकीला हेच सांगितलं. आईलाही. आईनं ते खरं धरलं. तेव्हापासून ती गाडीला शिव्याशाप देते आणि लेकाला समोर बसवून जेवायला वाढते. तो अर्ध्या ताटावरनं उठतो.

"नवीन स्टेअरिंग घालून काय करनार?" उस्तादांनी विचारलं.

"रविवारी त्याच वळणावर जाणार. त्याच वेगानं."

"आन्?"

"वळली, तर चूक गाडीची होती."

"आन् वळली न्हाई तर?"

सम्मेदनं एक बुश उचलला, उलटासुलटा करून पाहिला, परत ठेवला.

"तर प्रश्नच मिटला."

...

कुणी दुसरा असता तर त्यानं चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या असत्या. आईचं नाव काढलं असतं, देवाचं काढलं असतं. उस्तादांनी फडक्याला हात पुसले आणि टोपी नीट केली.

"चल. ट्रायल मारू."

त्या गॅरेजची ती रीतच होती. गाडीची तक्रार ऐकून कामाला हात लावायचा नाही. मालकानं चालवायची, उस्तादांनी शेजारी बसायचं, आणि मग बोलायचं. मालक काय सांगतो यापेक्षा तो कसा चालवतो त्यातनं आजार लवकर कळतो, असं उस्तादांचं म्हणणं. सम्मेदलाही हे पाठ होतं. तरी तो जागचा हलला नाही.

"तुम्ही चालवा, उस्ताद. मी मागं..."

"ह्या गाडीला मागं जागा हाय व्हय?"

नव्हती. दोनच सीट. डाव्या सीटवर हत्यारांची पिशवी ठेवलेली होती. पारसनंतर तिथं माणूस कुणी बसलं नव्हतं. सम्मेद पिशवीकडं बघत राहिला. शेवटी उस्तादांनीच ती उचलून बाहेर ठेवली आणि गुडघे धरत, कण्हत, त्या बुटक्या गाडीत शिरले.

"बिदागी घेतल्याबिगर बसू नये असली सीट हाय. उतरवायला क्रेन लागंल मला."

सम्मेद हसला नाही.

गाडी कालव्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ऊस तुटून गेलेला, रानं उघडी, रस्ता मोकळा. उस्ताद रस्त्याकडं बघतच नव्हते. त्यांचं लक्ष सम्मेदच्या हातांवर होतं.

एक वळण आलं. गाडी वळली.

पुलाजवळ दुसरं आलं, अवघड. गाडी अशी वळली की उस्तादांची टोपीसुद्धा हलली नाही.

"वळतीया की."

"इथं वळते."

"हितं आन् तिथं स्टेअरिंग येगळं असतंय?"

 सम्मेदचा पाय ॲक्सिलरेटर दाबत गेला. बाभळी भराभर मागं पडू लागल्या. दात आवळून तो समोर बघत होता, आणि ते बघणं रस्त्याकडचं नव्हतं. म्हाताऱ्याला भीती वाटली. का वाटू नये? जीव त्यालाही होताच.

"सम्मेद! म्हस!"

ब्रेक किंचाळले. गाडी सरळ घसरत गेली, डांबर सोडून मुरमात उतरली आणि तिरकी होऊन थांबली. धुरळा पुढं जाऊन परत आला.

...

रस्त्यावर म्हैस नव्हती. कुत्रंसुद्धा नव्हतं.

"म्हस कुठाय?" सम्मेदनं धापा टाकत विचारलं.

"न्हाई."

"मग कशाला ओरडला? मेलो असतो दोघं!"

"हात कुठाय तुजा?"

"काय?"

"हात. डावा."

सम्मेदनं खाली बघितलं.

त्याचा उजवा हात स्टेअरिंगवर होता. डावा हात आडवा गेला होता आणि उस्तादांच्या छातीवर पंजा पसरून त्यांना सीटला दाबून धरत होता. इतका घट्ट, की सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं.

त्यानं हात बघितला. मग उस्तादांच्या तोंडाकडं बघितलं. मग परत हात.

"हे..." तो म्हणाला.

उस्तादांनी तो हात तसाच राहू दिला.

"हे आपोआप..."

"व्हय."

"त्या दिशी बी..."

...

पुण्याची भाषा त्याच्या तोंडातनं कधी गळून गेली, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"मी वळवलंच न्हाई, उस्ताद," तो म्हणाला. "पारसनं आयगं म्हटलं... आन् मी स्टेअरिंग सोडलं. मी त्येला धरलं."

त्यानं तो हात उस्तादांच्या छातीवरून काढून स्वतःच्या डोळ्यांपुढं धरला.

"ह्यो हात हितं, स्टेअरिंगवर पायजे हुता. निस्ता हितं असता... निस्ता हितं असता तर वळली असती."

मग तो रडला. इतके महिने तो रडलाच नव्हता. इतके महिने तो रॅक शोधत होता, भाव विचारत होता, पार्सलची वाट बघत होता. आता शोधायला काही उरलं नाही. गाडी चांगली होती, रस्ता चांगला होता. भावाला वाचवायला गेलेल्या हातानंच भाऊ घालवला, आणि या दुःखाला कुठल्याच दुकानात सुटा भाग मिळत नाही.

"घरी आईला काय सांगू?"

उस्ताद समोरच्या काचेतून बघत राहिले. 

"सांगा की, उस्ताद. काय सांगू तिला?"

"ठावं न्हाई, लेकरा."

...

 सम्मेदनं बाहीला डोळे पुसले. तो एकदम शांत झाला. ती शांतता रडण्यापेक्षा वाईट होती.

"उतरा, उस्ताद."

"का?"

"रिक्षा मिळंल पुलावर. उतरा."

"तू कुठं चाललास?"

"रविवारपत्तोर कशाला थांबायचं? घाट हितनं जवळ हाय."

"नवं स्टेअरिंग?"

"त्येचं आता काय काम?"

त्यानं गाडी चालू केली. उस्तादांच्या अंगावरून वाकून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. बाहेरचं ऊन आत आलं.

"उतरा म्हंतोय न्हवं! पाया पडतो तुमच्या."

उस्तादांनी दार ओढून घेतलं. सीटमागचा पट्टा चाचपडत शोधला. म्हाताऱ्या बोटांना तो लवकर सापडेना. सापडला तेव्हा त्यांनी तो छातीवरून घेतला आणि खटकन लावला.

मग ते पारसच्या त्या सीटला पाठ टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, रस्त्याकडं तोंड करून बसले.

"घे घाटात," ते म्हणाले. "मी उतरत न्हाई."