पंचनाम्यातली बैलगाडी

चंद्राक्का कुंभारणीच्या भट्टीला पाटलाच्या रानातून गाडीवाट नव्हतीच, असा निकाल खालच्या कोर्टानं दिला, तशी ती अपिलात गेली. वाट गेली तर मडकी बाजाराला जायची कशी? तिला बाकावर बसवेना.

पाटलाचे वकील सरंजामे मिशी कुरवाळत म्हणाले, "बाई, इथं नवा साक्षीदार चालत नाही. जुनेच कागद तपासतात."

"मग जुनाच पंचनामा वाचा की, वकीलसाहेब."

सरंजाम्यांनी ऐटीत वाचला. "भट्टीच्या तिन्ही बाजूंना खोल ओढा. चौथ्या बाजूला पाटलाचं रान, त्यात गाडीवाट नाही. आम्ही पंच बैलगाडीनं भट्टीच्या दारात उतरलो."

चंद्राक्का न्यायाधीशांकडे वळली. "साहेब, ह्यांचे बैल उडतात का, एवढं तेवढं विचारा."

न्यायाधीशांनी विचारलं नाही. त्यांनी निकालच फिरवला.