वाळलेली पाटी

फळ्याला तोंड होतं आणि तो सारखा खेकसायचा, तेव्हाची गोष्ट. वर्गातल्या एका पाटीचा खडूवर जीव जडला. पाटीला पेन्सिल ठरलेली आणि खडू फळ्याच्या घराण्यातला, म्हणून फळा पिसाळला. त्यानं खडूचा चुरा केला. पाटीच्या अंगावर खडूनं लिहिलेलं ‘तुझाच’ तेवढं उरलं.

“पूस ते. विसरू दे तिला,” फळ्यानं ओल्या बोळ्याला फर्मावलं. बोळ्यानं खसाखसा घासलं. पाटी काळीकुळकुळीत झाली.

“बघ पोरी, किती बरं वाटतंय,” फळा म्हणाला.

पाटीनं नुसते दातओठ खाल्ले. ऊन चढलं, ती वाळली आणि ‘तुझाच’ पुन्हा पांढरंफेक उमटलं. बोळ्यानं परत पुसलं, ते परत उमटलं.

“बोळेराव, दमलात? घासा की अजून,” पाटी फणकारली. “आणि फळेकाका, तुम्ही कुठं जाऊ नका. मी वाळले की जरा मोठ्यानं वाचा.”